फाइल पहिल्या पानापासून कोण वाचणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दुर्मिळ आजारांचं निदान व्हायला वर्षानुवर्षं का लागतात यावर मागे आपल्या पेपरात जो लेख आला होता तो मी दोनदा वाचला, कात्रणही काढून ठेवलंय. लेख चांगला होता त्याबद्दल वाद नाही, पण त्यातला एक मुद्दा काही केल्या पटला नाही म्हणून हे पत्र. लेखाचा सगळा रोख असा होता की हे आजार फार विरळा, त्यांच्या टेस्ट फार हायटेक, जीन टेस्टिंग सगळीकडे पोचलेलं नाही, म्हणून उशीर होतो. अर्धं खरं आहे हे. पण आमच्या घरात जो उशीर झाला त्यात हायटेक मशीनचा काडीचाही संबंध नव्हता, आणि नंतर ज्या ज्या पेशंटच्या घरच्यांशी बोलणं झालं त्यातल्या बऱ्याच जणांचं तेच, की संशय यायला पुरेल एवढी माहिती जुन्या रिपोर्टमध्ये आधीच पडून होती, फक्त ती एकत्र करून कोणी बघितलीच नव्हती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

पत्र लांबलंय, कापलंत तरी चालेल, पण विल्सनचा भाग प्लीज कापू नका.

माझ्या धाकट्या बहिणीला विल्सन डिसीज आहे. ज्यांनी नाव ऐकलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तांबं शरीराला लागतं पण अगदी किंचित, जास्तीचं तांबं लिव्हर पित्तातून बाहेर टाकतं. हे काम ज्या जीनवर चालतं तो आई आणि वडील दोघांकडून बिघडलेला आला तर तांबं बाहेर पडत नाही, आधी लिव्हरमध्ये साठत जातं आणि मग तिथून सुटून मेंदूत, डोळ्यांत, इकडेतिकडे. साधारण ३० हजारांत एकाला होतो असं मानतात. सॅम्युअल विल्सन नावाच्या न्यूरॉलॉजिस्टने १९१२ मध्ये तो सविस्तर लिहून ठेवला, म्हणजे शंभर वर्षांहून जुना, जॉन वॉल्श यांनी १९५६ मध्ये पेनिसिलामीन हे तोंडाने घ्यायचं औषध आणलं, जीन १९९३ मध्ये सापडला. लवकर कळलं आणि गोळ्या जन्मभर नेमाने घेतल्या तर माणूस शिक्षण, नोकरी, संसार सगळं करू शकतो. कळलंच नाही तर जीव जातो. आणि उशिरा कळलं तर या दोन्हीच्या मधलं काहीतरी, जे आमच्या वाट्याला आलं.

आता आमचा उशीर कसा झाला ते बघा. बहीण शाळेत असताना तिला कावीळ झाली. लिव्हरची एन्झाइम वाढली होती, हेपॅटायटिस ए आणि बी दोन्ही टेस्ट निगेटिव्ह, डॉक्टर म्हणाले दुसरा कुठलातरी व्हायरस असेल, मुलांना होतं असं, रिपीट करून बघू. रिपीटमध्ये आकडे खाली आले पण नॉर्मलच्या आत काही आले नाहीत, थोडे वरच राहिले. डोळे पांढरे झाले, ती खायला प्यायला लागली, शाळेत जायला लागली, मग ती फाइल कपाटात गेली ती गेलीच.

काही वर्षांनी कॉलेजला असताना तिचं अक्षर बिघडायला लागलं. ही गोष्ट जरा नीट सांगतो कारण हे लक्षण आहे हे आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हतं. तिच्या एकाच विषयाची वही आजही आमच्याकडे आहे. सुरुवातीच्या पानांवर टपोरं अक्षर, शिरोरेषा पट्टीने मारल्यासारखी सरळ, आईला कौतुक होतं त्या अक्षराचं. मधल्या पानांवर अक्षरं बारीक व्हायला लागलेली, ओळ सुरू होताना बरी आणि संपता संपता मुंगीएवढी. शेवटच्या पानांवर शिरोरेषा सुटलेली आहे, काने आणि वेलांट्या एकमेकांत अडकलेत, एक शब्द तीनदा खोडून लिहिलाय. मार्क घसरले. चिडचिड सुरू झाली, मधेच रडायची, मैत्रिणींशी बोलणं तोडलं. सगळ्यांनी मिळून ठरवलं की अभ्यासाचं टेन्शन आहे. मानसोपचार तज्ज्ञांकडे नेलं, त्यांनी डिप्रेशन लिहिलं, गोळ्या दिल्या, नंतर आणखी एक गोळी वाढवली. मग हात थरथरायला लागला, मान आणि खांदे ताठ झाले. तर म्हणे हा गोळीचा साइड इफेक्ट, होतं असं या औषधांनी. आणि खरंच होतं, ते काही खोटं बोलत नव्हते! त्या औषधांनी थरथर आणि ताठपणा येतो हे कुठल्याही पुस्तकात सापडेल. म्हणून डोस कमी केला, गोळी बदलली, परत वाढवली, यातच किती वेळ गेला. तोवर बोलणं जड झालं, झोपेत उशी लाळेने ओली व्हायला लागली, तेव्हा न्यूरॉलॉजीला पाठवलं.

तिथे एक शिकाऊ डॉक्टर मुलगी होती, शिफ्ट संपत आलेली असावी बहुतेक. तिने तो लेटेस्ट रिपोर्टांचा गठ्ठा बाजूला ठेवला आणि आईला विचारलं, काकू, ही जन्मल्यापासून कधी कधी आजारी पडली ते सांगा बघू, साधी सर्दी खोकला सोडून सगळं. आईने कावीळ सांगितली. ती मुलगी लिहिता लिहिता थांबली, विचारलं तेव्हाचे रिपोर्ट आहेत का. मी घरी जाऊन कपाटातली फाइल घेऊन आलो. त्याच संध्याकाळी बहिणीला डोळ्यांच्या विभागात पाठवलं, ते हनुवटी टेकवून बसवतात ना त्या मशीनसमोर, स्लिट लॅम्प म्हणतात त्याला. बुबुळाच्या कडेने वर आणि खाली मातकट हिरवी-सोनेरी रिंग होती. कायझर आणि फ्लायशर या दोन डॉक्टरांनी ही रिंग १९०२ आणि १९०३ मध्येच नोंदवून ठेवलेली आहे, आणि विल्सनमध्ये मेंदूची लक्षणं सुरू झालेल्या बहुतेक पेशंटमध्ये ती सापडते. गडद डोळ्यांत नुसत्या नजरेने सहसा दिसत नाही, मशीन लागतं, पण ते मशीन तर डोळ्यांच्या कुठल्याही दवाखान्यात असतं. पुढे रक्तातलं सेरुलोप्लाझमिन, म्हणजे तांबं वाहून नेणारं प्रथिन, कमी आलं, चोवीस तासांच्या लघवीतलं तांबं जास्त आलं, निदान पक्कं झालं. जीन टेस्ट नंतर झाली, निव्वळ शिक्कामोर्तब म्हणून.

म्हणजे बघा, हायटेक असं काय लागलं यात? एक जुना प्रश्न, एक जुनी फाइल, एक जुनं मशीन.

मला कुठल्याही एका डॉक्टरवर ठपका ठेवायचा नाहीये. लहान मुलांच्या डॉक्टरांनी कावीळ बघितली, त्यांना तेव्हा हाताची थरथर दिसणारच नव्हती कारण ती नव्हतीच. मानसोपचारवाल्यांनी मन बघितलं, त्यांना कावीळ कोणी सांगितली नाही कारण आम्हाला ती सांगण्यासारखी वाटलीच नाही आणि त्यांच्या फॉर्मवर तसा रकानाही नव्हता. प्रत्येकाचं आपापल्या जागी बरोबर होतं आणि बेरीज चुकत होती. विल्सनची खोड हीच आहे की तो लहानपणी बहुतेकदा लिव्हरमधून दिसतो आणि वय वाढल्यावर मेंदूतून किंवा वागण्यातून, मग लिव्हरची फाइल एका पिशवीत आणि डोक्याची दुसऱ्या पिशवीत राहिली की संपलं.

असे आजार एक दोन नाहीत. ऑर्फानेट म्हणून १९९७ मध्ये फ्रान्समध्ये सुरू झालेली दुर्मिळ आजारांची नोंदसूची आहे, तिच्यात ६ हजारांच्या वर आजार आहेत. युरोपात २ हजारांत एकापेक्षा कमी लोकांना होतो तो दुर्मिळ अशी व्याख्या धरतात. एकेक घेतला तर चिमूटभर लोक, पण सगळे मिळून जगभरात ३० कोटींच्या आसपास माणसं होतात. युरोपातल्या अशा पेशंटच्या संघटनांची एकत्रित संघटना युरोर्डिस, तिने मागे ८ आजारांच्या जवळपास ६ हजार पेशंटना विचारलं होतं, तर ४० टक्क्यांना आधी चुकीचं निदान मिळालं होतं आणि चौथा हिस्सा असा की पहिल्या लक्षणापासून खऱ्या नावापर्यंत ५ ते ३० वर्षं गेली. तीस वर्षं! २०२४ मध्ये आलेल्या त्यांच्याच नव्या पाहणीत सरासरी ४.७ वर्षं निघाली, आणि बायकांना पुरुषांपेक्षा जास्त वेळ लागतो हेही त्यात आलं. यात मला तरी काही आश्चर्य वाटलं नाही. बाईला थकवा आला, दुखलंखुपलं, रडू आलं की आधी टेन्शन लिहितात, नंतर हॉर्मोन लिहितात, आणि मग कुठे तपासतात.

आता दुसरं उदाहरण देतो, यात तर एका साध्या रक्ताच्या टेस्टचा प्रश्न आहे. ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, मुलग्यांमध्ये होतो, स्नायू हळूहळू निकामी होतात. पेशंटच्या नातेवाइकांच्या एका मीटिंगला गेलो होतो तिथे एक गृहस्थ भेटले, त्यांच्या मुलाच्या रिपोर्टमध्ये एसजीओटी एसजीपीटी वाढलेले आले म्हणून त्याला कितीतरी दिवस लिव्हरची औषधं चालू होती, सोनोग्राफी नॉर्मल, लिव्हर बायोप्सीपर्यंत गोष्ट गेली होती. खरी गोष्ट अशी की ही दोन एन्झाइम फक्त लिव्हरमध्ये नसतात, स्नायूतही असतात, स्नायू तुटायला लागले की रक्तात वाढतात. सोबत सीपीके नावाची टेस्ट केली की लगेच कळतं, या आजारात सीपीके थोडंथोडकं नाही, नॉर्मलच्या दहापट ते शंभरपट असतं आणि तेही जन्मापासून. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच. त्यात मुलगा जिना चढायला कुरकुरतो, जमिनीवरून उठताना स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकत टेकत उभा राहतो, पोटऱ्या मात्र चांगल्या भरलेल्या म्हणून आजी खूश. हे हात टेकून उठणं विल्यम गॉवर्स यांनी १८७९ मध्येच वर्णन करून ठेवलंय. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत घरच्यांना पहिली शंका मुलगा अडीच वर्षांचा असताना आली होती आणि पक्कं निदान पाचव्या वर्षाच्या आसपास झालं, सीपीके व्हायलाच जवळपास तेवढा वेळ गेला. मधल्या अडीच वर्षांत कित्येक घरांत दुसरं मूल होतं. आई वाहक, म्हणजे बिघडलेला जीन बाळगून असलेली, आहे का हे तपासायची संधीच निघून गेलेली असते.

पोटदुखीचंही असंच. अ‍ॅक्यूट इंटरमिटंट पॉर्फिरिया नावाचा प्रकार आहे, बहुतेक तरुण बायकांना त्याचे झटके येतात, पोटात इतकं दुखतं की माणूस गडाबडा लोळतो पण डॉक्टर पोट दाबून बघतात तर मऊ, स्कॅनमध्ये काही नाही. मग अपेंडिक्स काढतात, कधी गॉल ब्लॅडर काढतात, दुखणं आपलं परत येतं, आणि काही सापडेना की मग नाटक करते म्हणतात. झटका चालू असताना लघवीतलं पॉर्फोबिलिनोजेन नावाचं द्रव्य तपासलं की उत्तर मिळतं. लघवी उजेडात ठेवली तर कित्येकदा लालसर तपकिरी होत जाते, डोळ्यांना दिसेल असं. आणि वाईट म्हणजे निदान नसल्यामुळे जी औषधं देऊ नयेत तीच दिली जातात, झोपेच्या जुन्या बार्बिट्युरेट गोळ्या, फिटच्या काही गोळ्या, यांनी झटका आणखी वाढतो. इथे उशीर म्हणजे नुसता वेळ वाया जाणं नाही, चुकीच्या उपचाराने थेट अपाय.

हेरेडिटरी अँजिओएडीमा, म्हणजे सूज येण्याचा एक आनुवंशिक आजार, त्याबद्दल एकच सांगतो. ओठ, गळा, हात सुजतात, खाज येत नाही, पित्ताच्या गाठी येत नाहीत, अ‍ॅलर्जीच्या गोळ्या आणि स्टेरॉइड देऊनही सूज उतरत नाही, तरी फाइलवर वर्षानुवर्षं अ‍ॅलर्जीच लिहिलेलं असतं. औषध लागू पडलं नाही हीच तर माहिती आहे ना? सी फोर नावाची रक्ताची टेस्ट सांगून टाका, संशय यायला ती बहुतेकदा पुरते. गळ्यात सूज आली तर श्वास बंद होऊन माणूस जातो म्हणून हे सांगावंसं वाटलं.

माझं म्हणणं एवढंच आहे की उशिराचं मोठं कारण पहिलं लेबल आहे. एकदा फाइलच्या कोपऱ्यात डिप्रेशन, अ‍ॅलर्जी, व्हायरल, गॅस असं काहीतरी लिहिलं गेलं की पुढचा डॉक्टर तिथून पुढे वाचतो, मागे जात नाही. माणसाचा स्वभावच आहे तो. आणि लेबल पूर्ण खोटं नसतं म्हणून तर जास्त घातक. माझी बहीण खरंच डिप्रेस्ड होती, विल्सनमध्ये तांब्यामुळे तसं होतंच. चूक डिप्रेशन लिहिण्यात नव्हती, ते लिहून शोध थांबवण्यात होती.

मग यावर माझ्या एका ओळखीच्या डॉक्टरांनी मला ऐकवलं की अरे रोज ओपीडीत शंभर जण येतात, त्यातल्या नव्याण्णवांना साधंच काहीतरी असतं, प्रत्येक डोकेदुखीवाल्याला मी तांबं आणि पॉर्फिरिया तपासत बसलो तर दवाखाना बंद करावा लागेल. अगदी मान्य. उलट सगळ्यांच्या सगळ्या टेस्ट केल्या तर खोटे पॉझिटिव्ह येतील, लोक उगाच घाबरतील, त्यातून आणखी टेस्ट. पहिल्या भेटीत कोणी विल्सन ओळखावा अशी अपेक्षा नाहीच. पण तोच माणूस तीच तक्रार घेऊन पुन्हा पुन्हा येतोय, दिलेलं औषध लागू पडत नाहीये, एका अवयवाची तक्रार होती ती दोन तीन अवयवांवर गेलीय, घरात आणखी कोणाला तसंच काहीतरी झालं होतं, लहानपणीचा एखादा रिपोर्ट कधीच पूर्ण नॉर्मल झाला नव्हता, अशा वेळी तरी एका कोणीतरी अर्धा पाऊण तास काढून सगळं पहिल्यापासून वाचावं. तो पाऊण तास सध्या कोणाच्याच कामात धरलेला नाही. एमआरआयला कोड आहे, बिल आहे, अपॉइंटमेंट आहे. जुनी फाइल वाचायला काय आहे?

आजाराच्या कोडवरून आठवलं. आजारांचं जे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण आहे त्याच्या दहाव्या आवृत्तीत दुर्मिळ आजारांपैकी जेमतेम ५०० च्या आसपास आजारांना स्वतःचा कोड होता, बाकी सगळे 'इतर' मध्ये कोंबलेले. अकरावी आवृत्ती २०२२ पासून लागू झाली त्यात साडेपाच हजारांच्या आसपास आजार आले. ती रोजच्या कामात मुरायला वेळ लागेलच. पण ज्या आजाराला कॉम्प्युटरवर निवडायला नावच नाही त्याचे पेशंट किती हे कोणाला कळणार, आणि संख्याच माहीत नसेल तर त्यासाठी तज्ज्ञ कोण नेमणार.

जीन टेस्टिंगबद्दल लेखात जो उत्साह होता त्यावरही थोडं लिहितो. ते हवंच, अनेक मुलांचं निदान त्याशिवाय होणारच नाही. पण ब्रिटनच्या १ लाख जीनोम प्रकल्पाचे पायलट निष्कर्ष २०२१ मध्ये आले त्यात पूर्ण जीनोम, म्हणजे माणसाचा सगळाच्या सगळा डीएनए, वाचूनसुद्धा साधारण चारातल्या एका पेशंटलाच निदान मिळालं. हे कमी नाहीच, कारण ते सगळे आधी इकडून तिकडे फिरून दमलेले लोक होते, पण उरलेल्या तिघांचं काय? कित्येकदा रिपोर्टमध्ये बदल सापडतो आणि पुढे लिहिलेलं असतं की याचा अर्थ अनिश्चित. अशा वेळी पुन्हा लक्षणांकडेच यावं लागतं, नीट लिहिलेली हिस्टरी असेल तरच तो बदल खरा गुन्हेगार की नुसता वाटसरू हे ठरवता येतं. शिवाय जुना जीन डेटा एक दोन वर्षांनी नव्याने तपासला तर नवी निदानं निघतात कारण मधल्या काळात नवे जीन माहीत झालेले असतात. तर तिथेही गोष्ट तीच, जुनं पुन्हा वाचा. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाला हे कोणी सांगितलंच नव्हतं, त्यांना वाटत होतं टेस्ट निगेटिव्ह आली म्हणजे विषय संपला.

घरच्यांचं ऐकण्याबद्दल एक जुनी खरी गोष्ट आहे, मला फार आवडते. नॉर्वेत बोर्ग्नी एगेलँड नावाची आई होती, तिची दोन्ही मुलं मतिमंद, आणि त्यांच्या लघवीला एक विचित्र वास यायचा. ती डॉक्टरांना सांगत राहिली, कोणी मनावर घेतलं नाही. शेवटी १९३४ मध्ये आस्ब्योर्न फॉलिंग या डॉक्टरांनी, जे केमिस्ट्रीही शिकलेले होते, ती लघवी तपासायला मागून घेतली, त्यात फेरिक क्लोराइड हे रसायन टाकलं तर अपेक्षित नसलेला हिरवा रंग आला. तिथून फिनाइलकीटोन्युरिया हा आजार सापडला. पुढे १९६० च्या दशकात रॉबर्ट गथ्री यांनी बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन तो कागदावर वाळवून तपासायची पद्धत काढली आणि आज जगात कित्येक ठिकाणी जन्मल्या जन्मल्या ही तपासणी होते, आहार लगेच बदलला की मूल नॉर्मल वाढतं. एगेलँड बाईंच्या स्वतःच्या मुलांना मात्र तोवर उशीर झाला होता. नवजात तपासणी हा उशीर संपवायचा सगळ्यात भारी उपाय आहे यात शंका नाही, पण सगळे आजार त्यात बसत नाहीत, विल्सन अजून बहुतेक ठिकाणी बसलेला नाही. म्हणून मोठ्या मुलांसाठी आणि मोठ्या माणसांसाठी ऐकून घेणारा माणूस लागणारच.

पेशंटच्या घरच्यांसाठी सांगण्यासारखं माझ्याकडे एकच आहे आणि ते गुगलवर रात्रभर बसण्यापेक्षा जास्त उपयोगी पडतं. एका कागदावर वर्षवार लिहा. कोणत्या वर्षी काय झालं, कोणतं औषध दिलं, त्याने फरक पडला की नाही, कोणता आकडा नॉर्मलच्या बाहेर होता आणि नंतर तो आत आला का. घरात कोणाला काय होतं, आईवडील नात्यातले आहेत का, कोणतं मूल लहानपणी गेलं का. निदानाचं नाव त्यात लिहू नका, फक्त काय दिसलं ते लिहा, नाहीतर पुढचा डॉक्टर परत त्या नावालाच चिकटतो. फोटो, व्हिडिओ ठेवा, झटका आला तेव्हाचा व्हिडिओ दहा रिपोर्टांना भारी पडतो. डॉक्टरांना जाऊन मला अमुक आजार आहे असं सांगितलं की ते चिडतात, त्यांचंही बरोबर आहे, त्यापेक्षा हे सगळं एकाच गोष्टीने होऊ शकतं का एवढं विचारा. आणि अजून नाव सापडलेलं नसेल तर फाइलवर निदान अजून झालेलं नाही असं स्पष्ट लिहून मागा. डॉक्टर लोकांना ते लिहायला जड जातं, आमच्या बाबतीत तर एकानेही कधी लिहिलं नाही. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २००८ मध्ये फक्त निदान न झालेल्या पेशंटसाठी वेगळा प्रोग्रॅम काढला, तिथे पेशंटची सगळी जुनी कागदपत्रं आधी वाचतात, मग त्याला बोलावतात आणि वेगवेगळ्या विषयांचे तज्ज्ञ एकत्र बसतात. एवढ्या मोठ्या देशातही त्यासाठी वेगळा विभाग काढावा लागला म्हणजे बघा रोजच्या ओपीडीत हे किती अवघड आहे.

अजून एक, आणि हे विल्सनवाल्यांसाठी फार महत्त्वाचं. हा आजार घरात एकाला निघाला की सख्ख्या भावंडांना प्रत्येकी चारात एक शक्यता असते, लक्षण काही नसलं तरी तपासायचं असतं. बहिणीचं निदान झालं त्याच आठवड्यात माझीही तपासणी झाली, मला नाही निघाला, मी नुसता वाहक आहे, काही त्रास नाही. पण समजा मला असता तर तिच्या निदानाला लागलेली सगळी वर्षं माझ्याही लिव्हरमध्ये तांबं साठत राहिलं असतं आणि मला पत्ता नसता. एकाचं निदान लांबतं तेव्हा त्या घरातल्या आणखी किती जणांचं लांबतं याचा हिशोब कुठल्याच सरासरीत येत नाही.

बहीण आता गोळ्यांवर आहे. पहिल्या काही महिन्यांत उलट थरथर वाढली होती, औषध सुरू केल्यावर काहींचं तसं होतं हे आम्हाला आधी सांगितलं होतं म्हणून टिकलो. आता बोलणं बरंच सुधारलंय, फोनवर अनोळखी माणसाला अजून दोनदा सांगावं लागतं. हाताने लिहिणं फारसं परत आलं नाही, टाइप करते. तिलाच हे पत्र आधी वाचून दाखवलं, ती म्हणाली त्या शिकाऊ डॉक्टरचं जास्त लिही आणि माझं कमी.

संपादक साहेब, आपल्याला एक विनंती. दुर्मिळ आजाराची बातमी पेपरात येते ती बहुतेक वेळा एखाद्या बाळाच्या महागड्या इंजेक्शनसाठी मदतीचं आवाहन म्हणून, किंवा मग चमत्कारच म्हणून. ते छापा, जरूर छापा, त्याने पैसे उभे राहतात. पण फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी दुर्मिळ आजार दिन असतो, २००८ पासून पाळतात, त्या दिवशी आपण पान काढाल तेव्हा आजारांच्या नावांची यादी आणि फोटो देण्यापेक्षा प्रत्येक आजारासमोर एवढंच छापा की हा सहसा कोणत्या साध्या आजाराच्या नावाखाली लपतो आणि कोणत्या साध्या टेस्टने संशय येतो. लिव्हरचे आकडे वाढलेत आणि लिव्हर ठीक दिसतंय, मग सीपीके. तरुण वयात थरथर किंवा अचानक बदललेलं वागणं आणि मागे कधी कावीळ, मग डोळ्यांची स्लिट लॅम्प आणि सेरुलोप्लाझमिन. सारखी पोटदुखी आणि स्कॅन नॉर्मल, मग लघवी. मजकूर तज्ज्ञ डॉक्टरांकडून तपासून घ्या, माझ्या भरवशावर छापू नका. तेवढं एक कात्रण ज्यांच्या घरी अशी जुनी फाइल पडून आहे त्यांच्या हातात गेलं तरी पुष्कळ.

आपला,
एक नेहमीचा वाचक